एम्बेड की एपीआय?

मानाच्या पाच गणपतींची माहिती देणाऱ्या पुण्यातल्या दोन वेबसाइट शेजारीशेजारी उघडल्या, तर दोन्हींवर कसब्यापासून केसरीवाड्यापर्यंतचा तोच नकाशा दिसू शकतो. मात्र एकीने तो एम्बेड केला आहे आणि दुसरीने एपीआयमार्फत, म्हणजे एका प्रोग्रामने दुसऱ्याकडे माहिती मागण्याच्या ठरलेल्या पद्धतीने, मागवला आहे, हे नुसते पाहून सहसा कळत नाही.

एम्बेड करणे म्हणजे आपल्या पानात आयफ्रेमची चौकट बसवणे. तिच्या आत नकाशा पुरवणाऱ्याचेच पान चालते. एका वेबसाइटच्या पानाला दुसरीचे पान वाचू न देणाऱ्या ब्राउझरच्या ‘सेम-ओरिजिन’ नियमामुळे आपल्या पानाला त्या चौकटीत डोकावता येत नाही, त्यामुळे वाचकाने तुळशीबागेवर क्लिक केले की गुरुजी तालमीवर, हेही आपल्याला समजत नाही.

एपीआयमध्ये आपला प्रोग्राम ठरलेल्या पत्त्यावर विनंती पाठवतो आणि उत्तरादाखल बहुधा जेसन (प्रोग्रामला सहज वाचता येणाऱ्या) स्वरूपातला मजकूर येतो: ठिकाणाचे नाव, पत्ता, अक्षांश १८.५२, रेखांश ७३.८५. ही माहिती हाती आली की ती मानाच्या क्रमाने लावता येते, दोन मंडपांमधले अंतर काढता येते, मिरवणुकीच्या वेळापत्रकाशी जोडता येते. प्रोग्रामर पॉल रेडमाकर यांनी २००५ मध्ये अशीच जोडणी करत क्रेगलिस्ट या जाहिरातींच्या वेबसाइटवरच्या घरांच्या जाहिराती गूगलच्या नकाशावर मांडल्या, तेव्हा गूगलने नकाशांचे एपीआय खुले केलेले नव्हते. ते त्याच वर्षी आले. दोन ठिकाणची माहिती एकत्र आणण्याची ही सोय एम्बेडमध्ये मुळातच नाही.

अर्थात एपीआयबरोबर जबाबदाऱ्याही येतात. पुरवठादाराकडून ‘की’ (आपली ओळख पटवणारी अक्षरांची ओळ) घ्यावी लागते, आणि ती पानाच्या कोडमध्ये असेल तर कोणालाही दिसते, म्हणून ती आपल्याच डोमेनपुरती (वेबसाइटच्या पत्त्यापुरती) मर्यादित करावी लागते. अनंत चतुर्दशीला वाचकांची झुंबड उडून विनंत्यांची मर्यादा ओलांडली गेली, तर माहितीऐवजी ‘विनंत्या फार झाल्या’ असे सांगणारा ४२९ हा संकेतांक परत येतो. मिळालेली माहिती किती काळ साठवायची, यावरही पुरवठादाराच्या अटी असतात. ज्या मंडळाला फक्त मंडपाची जागा दाखवायची आहे, त्याने या भानगडीत पडू नये असे माझे स्पष्ट मत आहे. पण वेबसाइट करून देणारे अनेकदा उगाचच एपीआय गळ्यात मारतात.

एका बाबतीत मात्र एपीआय सरस ठरू शकते. एम्बेडमध्ये वाचकाचा ब्राउझर थेट नकाशावाल्याच्या सर्व्हरशी बोलतो, म्हणून वाचकाचा आयपी पत्ता (इंटरनेटवरचा त्याचा क्रमांक) तिकडे पोहोचतो. एपीआयची विनंती आपल्या सर्व्हरवरून गेली, तर पुरवठादाराला केवळ आपला सर्व्हर दिसतो.