फ्रिजमध्ये ठेवलं की प्रत्येक फळ जास्त टिकतं?

‘फळ आणलं की लगेच फ्रिजमध्ये टाका’ हा सल्ला सफरचंद-द्राक्षांना लागू पडतो. केळी, आंबा, पपई यांच्या बाबतीत तो चुकीचा आहे. ही उष्ण प्रदेशातली फळं. कच्ची असताना त्यांना थंडी बाधते.

केळ्याचंच बघा. त्याला १३ ते १४ अंश सेल्सिअस तापमान मानवतं आणि घरातला फ्रिज असतो ४ अंशांच्या आसपास. तिथे सालीतल्या पेशींची आवरणं बिघडतात, आतली द्रव्यं एकमेकांत मिसळतात आणि साल काळी पडते. केळं हिरवं असेल तर गर टणकच राहतो, बाहेर काढल्यावरही धड पिकत नाही. कच्च्या आंब्याच्या सालीवर खड्डे पडतात, गोडी भरत नाही. हे नुकसान बरेचदा फळ बाहेर काढल्यावरच दिसतं आणि दोष मात्र विकणाऱ्याच्या माथी मारला जातो, हे मला फार खटकतं.

कच्ची फळं सावलीत, हवेशीर जागी ठेवा. पिकलेली वेगळी काढा. त्यांच्यातून निघणारा इथिलीन वायू शेजारच्या फळांनाही भराभर पिकवतो. पूर्ण पिकलेला आंबा किंवा पपई दोन-तीन दिवस फ्रिजमध्ये खुशाल ठेवा. पिकलेल्या केळ्याची साल तिथे काळवंडेल, पण आतला गर चांगला असतो, फेकून देऊ नका.