अंतराळातले डोळ्याचे इंजेक्शन : पार्श्वभूमी

डोळ्याच्या पडद्याला सूज आली की डोळ्यात इंजेक्शन घ्यायचे, हे आपल्याकडच्या मधुमेही घरांना आता नवीन राहिलेले नाही. अंतराळ-वैद्यकातही आता या इंजेक्शनची चर्चा चालू आहे. मंगळाच्या वाटेवर कोट्यवधी किलोमीटर दूर असताना ते कोण देणार, कसे देणार आणि मुळात कशासाठी देणार? पहिल्या दोन प्रश्नांचा बराच खल होतो. घोडे पेंड खाते ते तिसऱ्यापाशी.

डोळ्याच्या आत सुई घालण्याला शंभरहून अधिक वर्षे झाली. 1911 मध्ये निसटलेला पडदा बसवण्यासाठी हवा सोडली गेली, 1940च्या दशकात पेनिसिलिन टोचले गेले. पण आजची पद्धत रुळली ती 2004 ते 2006 या काळात. डिसेंबर 2004 मध्ये पेगॅप्टॅनिबला अमेरिकेत मंजुरी मिळाली. 2005 मध्ये आतड्याच्या कर्करोगावरचे बेव्हॅसिझुमॅब डोळ्यात वापरल्याचा पहिला अहवाल आला आणि जून 2006 मध्ये रॅनिबिझुमॅब बाजारात उतरले. तिन्ही औषधे व्हीईजीएफ या प्रथिनाला अडवतात. त्यामुळे नाजूक रक्तवाहिन्यांची गळती थांबते आणि गळतीमुळे आलेली सूज उतरते.

अंतराळात नजर बदलते, ही कुजबुज त्याआधीपासून होती. 1989 पासून भरून घेतलेल्या सुमारे 300 प्रश्नावल्यांत लांबच्या मोहिमांवर गेलेल्यांपैकी जवळजवळ निम्म्यांनी जवळचे नीट दिसत नसल्याचे नोंदवले होते. छोट्या मोहिमांत हे प्रमाण पावाच्या आसपास होते. विषय ऐरणीवर आला तो 2011 मध्ये. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर सहा महिने राहून आलेल्या सात जणांच्या तपासण्या तेव्हा प्रसिद्ध झाल्या. पाच जणांच्या दृष्टिचेतेच्या (डोळ्यातून मेंदूकडे जाणाऱ्या नसेच्या) मुखाशी सूज होती, पाच जणांचे नेत्रगोलक मागून चपटे झाले होते, पाच जणांच्या पडद्यामागच्या थराला सुरकुत्या पडल्या होत्या. 2013 पासून स्थानकावरच ओसीटी, म्हणजे पडद्याचे थर प्रकाशाने टिपणारे यंत्र आहे. पडद्याच्या जाडीत सुमारे 20 मायक्रॉनचा फरक पडला तरी आता तो वर असतानाच कळतो.

यातून एक मोठा गुंता उभा राहिला, आणि औषधाची निवड त्यावरच अवलंबून असल्याने त्याकडे नीट पाहिले पाहिजे. सुरुवातीला या विकाराच्या नावातच मेंदूभोवतीच्या दाबाचा उल्लेख होता. गुरुत्व नसल्याने रक्त आणि पाणी डोक्याकडे सरकते, कवटीतला दाब वाढतो आणि तो चेतेच्या आवरणातून डोळ्यापर्यंत पोचतो, अशी मांडणी होती. ती पटण्यासारखी होती, कारण पृथ्वीवर अशी सूज दिसली की डॉक्टर आधी कवटीतल्या दाबाचाच संशय घेतात. परतलेल्या काही जणांच्या पाठीतून पाणी काढून दाब मोजला तेव्हा तो पाण्याच्या उंचीत 21 ते 28.5 सेंटिमीटर भरला. म्हणजे सामान्य किंवा थोडासाच वाढलेला, आणि तोही जमिनीवर उतरून कित्येक दिवस उलटल्यावर मोजलेला. वर असताना तो किती होता, याचा पुरावा कोणाकडेच नव्हता. मग कर्करोगाच्या उपचारासाठी डोक्यात नळी बसवलेली काही माणसे स्वतःहून पॅराबोलिक विमानात, म्हणजे कमानीसारखे उडून काही सेकंद वजनरहित अवस्था देणाऱ्या विमानात बसली आणि त्यांचा दाब थेट मोजता आला. झोपलेल्या माणसाच्या तुलनेत वजनरहित अवस्थेत तो उलट कमी निघाला. मात्र उभे असताना तो जितका उतरतो तितका उतरला नाही. हे निष्कर्ष 2017 मध्ये आले. त्याच वर्षी विकाराचे नाव बदलले आणि दाबाचा उल्लेख वगळला गेला.

काहींना हा बदल घाईचा वाटला. पृथ्वीवर उभे राहिल्यावर रोज मिळणारा उतार महिनोन्महिने मिळालाच नाही, तर थोडासा दाबही पुरेसा ठरू शकतो, असे त्यांचे म्हणणे. युक्तिवाद बिनतोड नसला तरी झटकून टाकण्यासारखाही नाही. मूळ दाबात असेल तर अ‍ॅसिटाझोलामाइडची गोळी हा सरळ उपाय आहे. पण तिने मूतखड्याचा धोका वाढतो, आणि हाडांतले कॅल्शियम झरत असल्याने अंतराळवीरांना तो धोका आधीच असतो. मूळ डोक्याकडे सरकलेल्या रक्तात असेल तर मांड्यांना पट्टे बांधणे किंवा कमरेखाली हवेचा दाब कमी करणारा पोशाख घालणे, हे मार्ग उरतात. व्हीईजीएफ अडवणारे इंजेक्शन या दोन्हींत कुठेच बसत नाही. मधुमेहात दिसते तशी मॅक्युलाची (पडद्याच्या मध्यभागाची) गळकी सूज हे या विकाराचे लक्षण मानले जात नाही. दोन्हीला आपण सर्रास ‘पडद्याची सूज’ म्हणतो आणि त्यामुळे एकीचे औषध दुसरीला चालेल असे सहज गृहीत धरले जाते.

तरीही इंजेक्शनची तयारी निरर्थक नाही. तीन वर्षांच्या मोहिमेत कोणाच्या पडद्यातली शीर बंद पडून गळकी सूज येऊ शकते. पैसे भरून जाणाऱ्या वयस्क प्रवाशांत मधुमेही असू शकतात. मग सुईच्या अडचणी खऱ्या ठरतात.

जमिनीवर सिरिंज उभी धरून टिचकी मारली की हवेचा बुडबुडा वर येतो आणि दट्ट्या दाबून बाहेर काढता येतो. वजनरहित अवस्थेत ‘वर’ असे काही नसते. बुडबुडा औषधाच्या मधोमध तरंगत राहतो आणि आधीच भरलेल्या सिरिंजमध्येही ही अडचण टळत नाही. मात्रा जेमतेम 0.05 मिलिलिटर, त्यामुळे एक बुडबुडाही औषध कमी करतो आणि डोळ्यात गेला तर काळा ठिपका होऊन काही काळ नजरेसमोर फिरतो. सुई बुबुळाच्या कडेपासून साडेतीन ते चार मिलिमीटरवर टोचायची असते आणि ते काम काही सेकंदांत उरकते. पण त्याआधी पोव्हिडोन-आयोडीन डोळ्यावर निदान 30 सेकंद राहावे लागते. पॅराबोलिक उड्डाणात वजनरहित अवस्था एका वेळी 20 ते 25 सेकंद मिळते. म्हणजे अशा विमानात टोचण्याचा सराव होईल, पण निर्जंतुकीकरणाची खरी परीक्षा होणार नाही. डोळ्याच्या आत संसर्ग झाला तर नजर जाऊ शकते, म्हणून सुईच्या कौशल्यापेक्षा हा टप्पा जास्त काळजीचा आहे.

सिरिंजची अडचण एकदा प्रत्यक्षही समोर आली आहे. मोहीम सुरू होऊन दोनेक महिने झाल्यावर स्थानकावरच्या एका अंतराळवीराच्या मानेतल्या शिरेत गुठळी सापडली. हे प्रकरण 2020 मध्ये प्रसिद्ध झाले. स्थानकावर एनॉक्सापॅरिन या गुठळीवरच्या औषधाच्या कुप्या होत्या, सिरिंज मोजक्याच होत्या, आणि द्रव काचेला चिकटून राहत असल्याने कुपीतून औषध ओढणे हीच कसरत ठरली. गोळ्या घेऊन मालवाहू यान पोचायला सुमारे सहा आठवडे लागले. मंगळाच्या वाटेवर असे यान येणार नाही.

साठवणुकीचे कोडे वेगळे. व्हीईजीएफ अडवणारी औषधे 2 ते 8 अंश सेल्सिअसमध्ये ठेवावी लागतात. अंतराळातल्या औषधपेट्यांत जागा आणि वजन वाचवण्यासाठी औषधे मूळ वेष्टनातून काढून छोट्या पिशव्यांत भरण्याची पद्धत होती. 2011 च्या एका अभ्यासात स्थानकावर 28 महिन्यांपर्यंत राहिलेल्या औषधांत ताकद उतरलेल्या औषधांची संख्या जमिनीवरच्या जोडीदार नमुन्यांपेक्षा जास्त आढळली, आणि वेष्टन बदलण्यावरही बोट ठेवले गेले. 2024 च्या पाहणीत 91 औषधांपैकी 54 औषधांची मुदत 36 महिन्यांत संपते, असे दिसले.

थंडीच्या टोकालाही हाच पेच आहे. अंटार्क्टिकावरच्या भारती आणि मैत्री या आपल्या केंद्रांवर हिवाळी तुकडीला कित्येक महिने जहाज मिळत नाही, त्यामुळे दर चार आठवड्यांनी इंजेक्शन लागणारा रुग्ण तिथे पाठवताच येत नाही. अशा अडचणींमुळे अंतराळासाठी दीर्घकाळ पुरणाऱ्या औषधांकडे लक्ष वळते. फ्लुओसिनोलोनचे रोपण 36 महिने औषध सोडते आणि खोलीच्या तापमानाला टिकते, पण ते स्टेरॉइड असल्याने मोतीबिंदू आणि डोळ्यातला दाब वाढण्याचा धोका राहतो. रॅनिबिझुमॅबची डोळ्यात बसवायची, तांदळाच्या दाण्याहून किंचित मोठी कुपी ऑक्टोबर 2021 मध्ये मंजूर झाली, वर्षभरात दोषामुळे मागे घेतली गेली आणि 2024 मध्ये परत आली. तिच्यातही औषध पुन्हा भरावे लागतेच. मोहिमेआधी रोपण करून पाठवणे हा मला यातला सर्वांत व्यवहार्य मार्ग वाटतो, पण तो गळक्या सुजेपुरताच. भारताने स्वतःच्या स्थानकासाठी 2035 चे उद्दिष्ट ठेवले आहे. तिथे महिनोन्महिने राहणाऱ्यांच्या डोळ्यांत दिसेल ती सूज बहुधा दुसऱ्या प्रकारची असेल, आणि तिच्यासाठी कोणतेही इंजेक्शन आज ठरलेले नाही.