नॅपस्टर आणि ध्वनिमुद्रण उद्योग

नॅपस्टर ही शॉन फॅनिंग आणि शॉन पार्कर यांनी जून १९९९ मध्ये अमेरिकेत सुरू केलेली सेवा. तिच्यामुळे लोक एकमेकांच्या संगणकांवरून गाणी फुकट उतरवून घेऊ लागले. ध्वनिमुद्रण कंपन्यांच्या कमाईला लागलेली ओहोटी बहुधा इथूनच मोजतात.

सीडीवरचे चार मिनिटांचे गाणे सुमारे ४२ एमबी भरते. सेकंदाला १२८ किलोबिटच्या एमपीथ्रीत, कानाला सहसा जाणवणार नाही असा तपशील गाळल्यामुळे, तेच ४ एमबीच्या आत बसते. तरीही देणाऱ्याकडे साधा मोडेम असेल, तर पाठवण्याचा वेग सेकंदाला जास्तीत जास्त ३३.६ किलोबिट, म्हणजे एका गाण्याला किमान पंधरा मिनिटे. मध्येच त्याने लाइन सोडली की फाइल अर्धवट राही. म्हणूनच वेगवान नेटवर्क असलेल्या विद्यापीठांच्या वसतिगृहांत नॅपस्टर फोफावले.

गाणी वापरणाऱ्यांच्या हार्ड डिस्कवर असत, पण कोणाकडे काय आहे याची सूची नॅपस्टरच्या सर्व्हरवर. त्यामुळे काय चालले आहे हे आपल्याला ठाऊक नव्हते असे नॅपस्टरला म्हणता येईना; खटल्यात तिची हीच बाजू लंगडी पडली. कंपन्यांनी डिसेंबर १९९९ मध्ये दावा लावला आणि फेब्रुवारी २००१ मध्ये अपील न्यायालयानेही त्यांचीच बाजू उचलून धरली. कंपन्यांचे कॉपीराइट असलेली गाणी रोखण्याचा आदेश आला, तेव्हा लोक गायकांची नावे मुद्दाम चुकीच्या स्पेलिंगने लिहू लागले. गाळणी निकामी ठरली. जुलै २००१ मध्ये देवघेव थांबली. तोवर ग्नुटेला हे मध्यवर्ती सूचीच नसलेले देवघेवीचे जाळे आले होते.

अमेरिकेतील ध्वनिमुद्रित संगीताची विक्री १९९९ मध्ये सुमारे १,४६० कोटी डॉलर होती. २०१४-१५ मध्ये ती ७०० कोटींच्या आसपास आली. हे सगळे खापर चोरीवर फोडणे मात्र चूक आहे. एकेकट्या गाण्याच्या सीडी कंपन्यांनीच बाजारात कमी केल्या होत्या. आवडत्या एका गाण्यासाठी अख्खा अल्बम घ्यावा लागे. नॅपस्टरने ती मोट सोडली. एप्रिल २००३ मध्ये आयट्यून्स स्टोअरने ९९ सेंटला सुटे गाणे विकायला काढले, त्यामुळे पैसे मोजणारा ग्राहकही अल्बमकडे परतला नाही. ओबरहोल्झर-गी आणि स्ट्रम्फ यांच्या २००७ च्या अभ्यासात डाउनलोडचा विक्रीवरील परिणाम जवळजवळ शून्य निघाला. लीबोविट्झ यांच्यासारख्या अर्थतज्ज्ञांना तो मान्य नाही.

कमाई पुन्हा वाढली ती मासिक वर्गणीच्या स्ट्रीमिंगमुळे. चोरीचीही तऱ्हा बदलली: आता स्ट्रीममधूनच आवाज काढून घेतात. त्यासाठी वापरले जाणारे यूट्यूब-एमपीथ्री हे संकेतस्थळ कंपन्यांच्या दाव्यानंतर २०१७ मध्ये बंद झाले.