गोळी खोटी की नुसतीच स्वस्त?

सदाशिव पेठेतल्या घाऊक औषध बाजारात रक्तदाबाची लोसार्टन मागा, काउंटरवरचा माणूस विचारणार, "कुठल्या कंपनीची देऊ?" स्ट्रिपवर ब्रँडचं नाव दरवेळी निराळं, पण बारीक अक्षरांत तेच: लोसार्टन पोटॅशियम. रेणू एकच, आणि यात बेकायदा काही नाही.

याच लोसार्टनचा सुमारे 570 किलो कच्चा माल 2008 च्या डिसेंबरात ब्राझीलला निघाला होता. वाटेत नेदरलँड्सच्या कस्टम्सने तो अडवला. माल डॉ. रेड्डीज कंपनीचा; बनावट नाही, भेसळीचाही नाही. भारतात त्यावर पेटंट नव्हतं, ब्राझीलमध्येही नव्हतं. होतं ते फक्त वाटेवरच्या देशात. अखेर माल आला तसा भारतात परत गेला.

1 जानेवारी 1995 पासून लागू झालेल्या ट्रिप्स कराराने (जागतिक व्यापार संघटनेचा बौद्धिक संपदेबद्दलचा करार) सीमेवर माल रोखण्याची सक्ती फक्त दोन बाबतींत केली आहे: बनावट ट्रेडमार्क आणि चोरीच्या प्रती. पेटंटला त्यातून वगळलं, हे शहाणपणाचंच. नकली लोगो कस्टम्सवाल्याला नुसत्या डोळ्यांनी ओळखता येतो. पेटंटचं तसं नाही. समजा, त्याने गोळी प्रयोगशाळेत पाठवली. पुण्याच्या औषध कंपन्यांच्या क्यूसी म्हणजे गुणवत्ता तपासणीच्या लॅबमध्ये रोज वापरतात ते एचपीएलसी यंत्र घ्या. गोळी विरघळवून ते द्रावण भुकटीने ठासलेल्या बारीक नळीतून दाबाने सोडतात. प्रत्येक रेणू त्या भुकटीला कमी-जास्त चिकटतो, म्हणून ठरावीक वेळेलाच बाहेर पडतो आणि आलेखावर शिखर उमटतं. शिखराच्या वेळेवरून औषध ओळखायचं, क्षेत्रफळावरून त्याचं प्रमाण. गोळीत खडू भरला असेल तर तो इथे उघडा पडतो. पण अस्सल औषध आणि त्याची चोख जेनेरिक आवृत्ती यांची शिखरं एकाच जागी येतात, कारण ती यायलाच हवीत! पेटंट कुणाचं, कुठल्या देशात, वैध की अवैध, हे कुठलंही यंत्र सांगत नाही. ते कोर्टाचं काम.

मे 2009 मध्ये फ्रँकफर्टला तर आणखी कडी झाली. वानुआतू या बेटांच्या देशाला जाणारं भारतीय अमॉक्सिसिलिन हे अँटिबायोटिक तिथे अडकलं, कारण नाव 'अमॉक्सिल' या ब्रँडसारखं वाटलं. आता अमॉक्सिसिलिन हे औषधाचं जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केलेलं सामायिक नाव. 'सिलिन' हे शेपूट पेनिसिलिनच्या कुळातल्या सगळ्यांनाच. ब्रँडच्या मालक कंपनीनेच उल्लंघन नसल्याचं कळवलं, तेव्हा कुठे माल सुटला. दरम्यान काही आठवडे गेले होते.

या पार्श्वभूमीवर बनावट मालाविरुद्धचा आंतरराष्ट्रीय 'अ‍ॅक्टा' करार आला. बोलणी बंद दाराआड, भारत त्यात नाही. ऑक्टोबर 2011 मध्ये टोकियोत सह्या झाल्या. टीकेनंतर सीमेवरच्या कलमांतून पेटंट वगळलं होतं, हे मान्य करायला हवं. पण नावाच्या साधर्म्याच्या संशयावरून माल अडवण्याची वाट शिल्लक होती, म्हणजे फ्रँकफर्टचा प्रकार पुन्हा घडू शकला असता. 4 जुलै 2012 रोजी युरोपीय संसदेने हा करार 478 विरुद्ध 39 मतांनी फेटाळला, आणि तो कधी लागूच झाला नाही.

गंमत म्हणजे आपल्या कस्टम्सच्या 2007 च्या नियमांतही माल रोखण्याच्या कारणांत पेटंट होतंच. ते वगळलं गेलं 2018 मध्ये.