पिणाऱ्यानेच पिणाऱ्याला हात दिला

नशा शरीरातून उतरते, पण संध्याकाळ रोज येते. तलफ उठली की फोन कुणाला करायचा? आज व्यसनातून बाहेर पडणाऱ्या असंख्य माणसांकडे या प्रश्नाचं उत्तर असतं: गटातल्या सोबत्याला. हे उत्तर एकदा सापडून हरवलं होतं.

१८४० साली अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात, एकाच गुत्त्यावर बसणाऱ्या सहा जणांनी दारू सोडायची शपथ घेतली. त्यांनी स्वतःला ‘वॉशिंग्टोनियन’ म्हणवून घेतलं. जमायचं, स्वतःची कहाणी सांगायची, पुढच्या वेळी आणखी एका पिणाऱ्याला सोबत आणायचं, एवढीच त्यांची रीत. तोवर दारुड्यांना उपदेश करायचे ते बहुतेक न पिणारेच. चळवळ वाऱ्यासारखी पसरली, लाखोंनी शपथा घेतल्या. पण दारूबंदीच्या राजकारणात आणि आपसांतल्या वादांत ती ओढली गेली आणि दहा वर्षांच्या आत जवळजवळ विरून गेली. सोबतीला आलेली माणसं पुन्हा एकटी पडली, याचं मला फार वाईट वाटतं.

मग १९३५ चा मे महिना. बिल विल्सन हा शेअर बाजारातला माणूस पाच महिने दारूपासून दूर होता. या काळात त्याने कितीतरी पिणाऱ्यांना समजावलं, पण एकही सुधारला नाही. तो निराश झाला, तेव्हा पत्नी लोइसने त्याच्या लक्षात आणून दिलं की, निदान तू तरी प्यायलेला नाहीस. पुढे ॲक्रन शहरात त्याचा एक व्यवहार फसला. हॉटेलात खिसा जवळपास रिकामा, आणि समोरच्या बारमधून गप्पांचे आवाज येत होते. त्याने बारकडे पाठ फिरवली आणि फोन उचलला. त्याला आपल्यासारखाच एखादा पिणारा हवा होता, आणि तो त्याला वाचवण्यासाठी नव्हे तर स्वतः वाचण्यासाठी हवा होता. चर्चमधल्या ओळखीपाळखीतून गाठ पडली ती डॉ. बॉब स्मिथ या सर्जनशी. डॉक्टर पंधरा मिनिटांच्या बोलीवर आले आणि सहा तासांहून जास्त बसले. उपदेश त्यांनी आयुष्यभर ऐकला होता. पण आपल्याच आजारातून गेलेला, आपलीच भाषा बोलणारा माणूस त्यांना पहिल्यांदा भेटला होता.

तरीही काही आठवड्यांत एका वैद्यकीय परिषदेला गेलेले डॉ. बॉब पुन्हा घसरले. बिलने त्यांना सोडलं नाही. डॉक्टरांचा शेवटचा प्याला १० जून १९३५ चा मानतात, आणि अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसचा, म्हणजे ‘एए’चा, वाढदिवसही तोच. पुन्हा प्यायल्याच्या शरमेने मीटिंगला जायचं टाळणाऱ्या प्रत्येकाला ही तारीख सांगावीशी वाटते.

वॉशिंग्टोनियन मंडळींचं काय झालं, हे बिलने पुढे अभ्यासलं. १९५० मध्ये ‘एए’ने स्वीकारलेल्या बारा परंपरांमध्ये, म्हणजे गट चालवण्याच्या तत्त्वांमध्ये, बाहेरच्या वादांवर मत द्यायचं नाही, बाहेरून देणगी घ्यायची नाही आणि सभासदत्वाला फक्त दारू सोडायची इच्छा पुरे, हे ठरलं. घरच्यांसाठी १९५१ मध्ये अल-ॲनॉन आलं, ड्रग्जच्या व्यसनींसाठी १९५३ मध्ये नार्कोटिक्स ॲनॉनिमस. ‘एए’तली अध्यात्माची भाषा न रुचणाऱ्यांसाठी स्मार्ट रिकव्हरीसारखे गटही आहेत.

अशा गटांचा खरंच उपयोग होतो का? २०२० मध्ये कॉक्रेन या वैद्यकीय संशोधनाचा आढावा घेणाऱ्या संस्थेने २७ अभ्यास पडताळले. लोकांना पद्धतशीरपणे ‘एए’शी जोडून देणारे उपचार सलग दारूमुक्त राहण्याच्या बाबतीत इतर प्रस्थापित उपचारांपेक्षा सरस ठरले.

औषधांवरून मात्र काही गटांत अजून कुजबुज चालते. हेरॉइनसारख्या ड्रग्जच्या व्यसनावर दिली जाणारी मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिन ही औषधं घेणाऱ्याला ‘तू अजून क्लीन नाहीस’ असं ऐकवलं जातं. हे चूक आहे आणि घातकही, कारण औषध बंद करून पुन्हा ड्रग्जच्या जुन्याच डोसकडे वळलेल्या माणसाचा जीव जाऊ शकतो. मेथाडोनचा उपचार १९६० च्या दशकात उभा करणारे डॉ. व्हिन्सेंट डोल स्वतः ‘एए’च्या विश्वस्त मंडळावर होते. बिल विल्सननेच त्यांना विनवलं होतं की, दारूच्या तलफेवरही असंच एखादं औषध शोधा.