ग्रुपवरच्या उत्तराची शिस्त आली कुठून

रावेर-यावल पट्ट्यातल्या केळी उत्पादकांच्या ग्रुपवर पावसाळ्यात असं होऊ शकतं. एकजण पानाचा फोटो टाकून विचारतो, 'हा हरण्या आहे का?' दोन मिनिटांत दुसरा आपल्या बागेतलं पिवळं पान टाकून विचारतो, 'नाना, ही कशाची कमतरता?' मधे बुऱ्हाणपूरचे भाव आणि एक निधनवार्ता येऊन जाते. मग एक जाणकार लिहितात, 'उपटून फेका भाऊ.' सल्ला पहिल्यासाठी बरोबर आहे. हरण्या विषाणूजन्य असतो, रोगट झाड काढून नष्ट करावंच लागतं. पण तो दिसतो दुसऱ्याच्या प्रश्नाखाली, आणि त्याच्या झाडांना कदाचित नुसतं खत कमी पडलेलं असतं.

उत्तर कशाचं आहे हे वाचणाऱ्याला कळलं पाहिजे, ही अडचण मोबाइलपेक्षा बरीच जुनी आहे. १९७९ साली अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातल्या टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस या विद्यार्थ्यांनी यूजनेटची, म्हणजे संगणकांवरून चालणाऱ्या गटचर्चेच्या जाळ्याची, कल्पना मांडली. १९८०पासून फोनच्या तारांवरून एका संगणकाकडून दुसऱ्याकडे असे संदेश पुढे सरकू लागले. या प्रवासात क्रम राहत नसे. उत्तर आधी आणि प्रश्न नंतर पोचे, कधी प्रश्न पुसला गेल्यावर उत्तर हाती येई. म्हणून मूळ मजकुराच्या ओळी, प्रत्येकीपुढे बाणाच्या टोकाची खूण करून, उत्तरात घ्यायच्या आणि त्यांच्याखाली आपलं म्हणणं लिहायचं, अशी रीत पडली.

पण अख्खा मजकूर घेतला तर खर्च वाढे. सेकंदाला १२०० बिटच्या मोडेमवरून (संगणक फोनच्या तारेला जोडणाऱ्या यंत्रावरून) साधारण १२० अक्षरं जात. ६५ अक्षरांच्या ४० ओळी पुन्हा पाठवायच्या तर वीस-बावीस सेकंद, तेही वाटेतल्या प्रत्येक टप्प्यावर. म्हणून लागेल तेवढंच ठेवा, बाकी छाटा, हा नियम झाला. उताऱ्याच्या ओळी स्वतःच्या ओळींपेक्षा जास्त असतील तर संदेश नाकारण्याची सोय काही सॉफ्टवेअरमध्ये होती. लोकांनी खाली निरर्थक ओळी भरून ती चुकवली. नुसती मोजणी लावून शिस्त येत नाही, हे तेव्हाच दिसलं होतं.

विषय न सोडण्याचा नियमही यंत्राच्या रचनेतून आला. ईमेलच्या आणि यूजनेटच्या प्रत्येक संदेशाला ओळखक्रमांक असतो, आणि उत्तरात मूळ संदेशाचा क्रमांक आपोआप नोंदला जातो. त्यावरून धागा जुळतो. जुन्या संदेशावर 'उत्तर द्या' दाबून फक्त विषयाची ओळ बदलली, तर नवा प्रश्न जुन्या धाग्याच्या पोटात जाऊन बसतो आणि ज्यांना तो हवा त्यांना दिसत नाही. नव्या विषयाला नवा संदेश, हे त्याचं उत्तर. चर्चाच वळली तर विषयाच्या ओळीत नवं नाव लिहून कंसात जुनं द्यायचं. मराठी संकेतस्थळांवर, १९९६ सालच्या मायबोलीपासून पुढे, 'धागा' आणि 'प्रतिसाद' हे शब्द रुळले. बाजूचं काही बोलायचं तर आधी 'अवांतर' लिहिण्याची पद्धतही पडली. आधीच सांगून केलेलं विषयांतर वाचणाऱ्याला वगळता येतं, म्हणून ही सवय फार चांगली.

दर सप्टेंबरला अमेरिकी विद्यापीठांत नवे विद्यार्थी यूजनेटवर येत आणि जुनी मंडळी त्यांना रीत शिकवत. १९९३-९४मध्ये व्यावसायिक सेवांनी आपल्या ग्राहकांना सरसकट दार उघडलं, तेव्हा शिकवणारे अपुरे पडले. ऑक्टोबर १९९५मध्ये सॅली हॅम्ब्रिज यांनी संकलित केलेली, इंटरनेटवर कसं वागावं याची मार्गदर्शक सूचनावली आली. (भारतात व्हीएसएनएलने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं ते त्याच वर्षी १५ ऑगस्टला.) लिहिण्याआधी एक-दोन महिने नुसतं वाचा, सही चार ओळींत आटपा, रागाचं उत्तर एक रात्र थांबून पाठवा, सगळं मोठ्या लिपीत (इंग्रजी कॅपिटल अक्षरांत) लिहिणं म्हणजे ओरडणं, असं तीत आहे. देवनागरीत मोठी लिपी नाही. आपल्याकडे ते काम ठळक अक्षरं आणि उद्गारचिन्हांची रांग करते.

खानदेशातल्या बहुतेक शेतकऱ्यांची गटचर्चेशी ओळख थेट मोबाइलवर झाली. व्हॉट्सॲपवर २०११मध्ये ग्रुप आले, पण त्यांत विषयाची ओळ नाही, धागा नाही, सगळ्यांचा एकच प्रवाह. संदेशाला जोडून उत्तर देण्याची सोय २०१६च्या मध्यावर मिळाली आणि जुना नियम उलटला. तिथे उतारा छाटायचा होता, इथे तो न विसरता जोडायचा. संदेश उजवीकडे सरकवला की झालं. प्रश्न दोन असतील तर उत्तरंही वेगवेगळी जोडा. चार-पाच फोटो एकत्र आले की त्यांचा अल्बम होतो, अशा वेळी नेमका फोटो उघडून त्यालाच उत्तर द्या. व्हॉइस मेसेजला उत्तर देताना जोडलेल्या संदेशाच्या पट्टीत मजकूर दिसत नाही, म्हणून पहिल्या ओळीत विषय लिहा. विचारणाऱ्यानेही फोटोखालीच वाण, मृगबाग की कांदेबाग (हे लागवडीचे हंगाम) की पिलबाग (जुन्या झाडाच्या पिलांवर धरलेली), वय आणि शेवटची फवारणी लिहिली, तर निम्मे उलटप्रश्न वाचतात.

मूळ संदर्भ तुटला की काय होतं, हे खानदेशाने सगळ्यात भयंकर रूपात पाहिलं आहे. १ जुलै २०१८ रोजी साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच निरपराध भिक्षेकऱ्यांचा जीव घेतला. त्या काळात देशभर फिरत असलेली एक चित्रफीत कराचीतल्या बालसुरक्षेच्या जागृतीपटातून कापलेली होती. कुणी बनवली, कुठे, कशासाठी, हे सांगणारा भागच गळला होता. त्याच जुलैत व्हॉट्सॲपने 'फॉरवर्डेड' ही खूण आणली आणि भारतात एका वेळी पाचच ठिकाणी संदेश पुढे पाठवण्याची मर्यादा घातली. फक्त ॲडमिनने लिहायची सोयही त्याच सुमाराची. पुढे आलेल्या संदेशाला तारीख, गाव आणि मूळ सांगणारा माणूस जोडता येत नसेल तर तो ग्रुपवर टाकू नये. यात सवलत नको.

२०२२मध्ये ग्रुपची मर्यादा २५६वरून आधी ५१२ आणि मग १०२४ झाली. एवढ्या ग्रुपवर एक 'धन्यवाद' हजार फोनवर जातो, म्हणून त्याच वर्षी आलेली रिॲक्शन वापरावी. निधनवार्तेला मात्र ती अनेक वडीलधाऱ्यांना कोरडी वाटते आणि ते बरोबरच आहे. घरच्यांना फोन करावा, ग्रुपवर हात जोडल्याच्या दोनशे चिन्हांखाली कुणाचा तरी फवारणीचा प्रश्न दबतो. त्याच वर्षाअखेरीस कम्युनिटीची सोय आली. तिच्यात भाव, रोग-कीड आणि मजूर-वाहतूक असे वेगळे ग्रुप एका छत्राखाली ठेवता येतात. भावाचा ग्रुप ॲडमिनपुरताच खुला ठेवावा आणि प्रत्येक भावासोबत तारीख, बाजार आणि मालाची प्रत लिहावी.