ताटात काय पडतं ते कशावर ठरतं?

२०१६ च्या शरद ऋतूत स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या एका मोठ्या कॅन्टीनमध्ये रोज एका भाजीपुढे नावाची पाटी लावली जायची. भाजी करण्याची पद्धत तीच, वाढण्याची जागाही तीच, पण पाटीवरचा मजकूर बदलत राहायचा. एखाद्या दिवशी नुसतंच ‘बीट’. दुसऱ्या वेळी ‘साखर न घातलेलं हलकं बीट’. कधी ‘भरपूर अँटिऑक्सिडंट असलेलं बीट’. आणि कधी ‘झणझणीत मिरची आणि आंबटगोड लिंबाच्या चवीचं बीट’. ब्रॅडली टर्नवाल्ड, आलिया क्रम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ४६ दिवस हा प्रयोग चालवला. त्या काळात २७,९३३ जण जेवून गेले. किती जणांनी भाजी घेतली हे मोजलं गेलं आणि एकूण किती वजनाची भाजी उचलली गेली हेही तपासलं गेलं.

चवीचं वर्णन असलेल्या पाटीने बाकी तिन्ही पाट्यांना मागे टाकलं. साध्या नावाच्या तुलनेत २५ टक्के जास्त लोकांनी भाजी घेतली. ‘साखर नाही’, ‘हलकं’ अशा, काहीतरी वजा केल्याचं सांगणाऱ्या पाटीच्या तुलनेत ४१ टक्के जास्त, आणि जीवनसत्त्वांचे गुण गाणाऱ्या पाटीच्या तुलनेत ३५ टक्के जास्त लोकांनी घेतली. म्हणजे आरोग्याचे फायदे सांगून भाजी खपवण्याची धडपड साध्या ‘बीट’ या शब्दापेक्षाही फिकी पडली. वर्षानुवर्षं आपण भाजीची शिफारस नेमकी ज्या भाषेत करत आलो, ती भाषा इथे मागे पडली.

असं का व्हावं? टेक्सस विद्यापीठात राज रघुनाथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत याचा एक धागा सापडतो. एकच पदार्थ काही जणांना ‘आरोग्याला चांगला’ म्हणून आणि काहींना ‘आरोग्याला फारसा चांगला नाही’ म्हणून दिला, तर दुसऱ्या गटाला तो अधिक चविष्ट लागतो. ‘जे चांगलं ते बेचव’ ही समजूत इतकी मुरलेली असते की ती जिभेच्याही आधी निकाल देते. आलिया क्रम यांनी येल विद्यापीठात असताना याच्या एक पाऊल पुढे जाऊन शरीरात काय घडतं ते पाहिलं. ४६ जणांना दोन वेगवेगळ्या वेळी मिल्कशेक दिला. एकदा तो ६२० कॅलरींचा, चैनीचा म्हणून. एकदा १४० कॅलरींचा, ‘शहाणा’ पर्याय म्हणून. प्रत्यक्षात दोन्ही वेळी ग्लासात ३८० कॅलरींचा तोच शेक होता. रक्तातलं घ्रेलिन, म्हणजे भूक जागवणारं संप्रेरक, ‘चैनीचा’ शेक प्यायल्यावर बऱ्याच जास्त प्रमाणात उतरलं. ‘शहाणा’ शेक प्यायल्यावर ते जवळपास तसंच राहिलं. त्याग करून खातोय या भावनेने खाल्लं, तर समाधानही अर्धवट मिळतं. हा प्रयोग छोटा आहे आणि त्यावर फार मोठी इमारत बांधू नये, पण त्याने दाखवलेली दिशा महत्त्वाची आहे.

स्टॅनफर्डचा निकाल एकाच कॅन्टीनचा होता, म्हणून संशोधकांनी अमेरिकेतल्या पाच विद्यापीठांत तो पुन्हा तपासला. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामात जेवणाऱ्यांचे १,३७,८४२ निर्णय नोंदले गेले. चवीच्या पाटीमुळे आरोग्याच्या पाटीपेक्षा २९ टक्के आणि साध्या पाटीपेक्षा १४ टक्के जास्त वेळा भाजी उचलली गेली. त्यात एक अट मात्र स्पष्ट दिसली: जिथल्या भाज्या खरोखर चविष्ट होत्या, तिथे पाटीचा परिणाम जास्त होता. नुसत्या शब्दांनी फसवून भाजी खपत नाही. मला या संशोधनातलं हे सर्वांत मोलाचं वाटतं, कारण पुढचं बरंच काही इथूनच उलगडतं.

सकस आहाराचा प्रसार म्हटला की पहिला विचार येतो तो माहितीचा. लोकांना कळत नाही म्हणून ते चुकीचं खातात, तेव्हा त्यांना समजावून सांगा. पण माहिती आणि कृती यांच्यामध्ये मोठी दरी आहे. शेफील्ड विद्यापीठातल्या थॉमस वेब आणि पास्कल शीरन यांनी २००६ मध्ये अशा अनेक प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला. माणसाचा इरादा बऱ्यापैकी बदलला तरी वागण्यात त्यामानाने थोडाच बदल होतो, असं त्यांना आढळलं. केंब्रिज विद्यापीठातल्या गटाने २०१६ मध्ये आणखी टोकाची गोष्ट तपासली: तुमच्या जनुकांमुळे तुम्हाला अमुक आजाराचा धोका जास्त आहे, असं त्या त्या व्यक्तीला सांगितल्यावर तरी ती आहार बदलते का? १८ अभ्यासांचा आढावा घेतल्यावर उत्तर आलं, नाही. स्वतःच्या जनुकांनी दिलेला इशाराही ताटापर्यंत पोचत नसेल, तर भिंतीवरच्या तक्त्याकडून किती अपेक्षा ठेवायची?

रोमेन कादारियो आणि पिअर शाँदों यांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या विश्लेषणाकडे या दृष्टीने पाहावं. प्रयोगशाळेबाहेर, खऱ्या कॅन्टीनमध्ये आणि दुकानांत झालेले ९६ प्रयोग त्यांनी एकत्र मांडले आणि उपायांचे तीन गट केले. डोक्याला आवाहन करणारे, म्हणजे कॅलरींचे आकडे किंवा रंगीत खुणा. मनाला आवाहन करणारे, म्हणजे आकर्षक वर्णन आणि मांडणी. आणि थेट हाताशी संबंध असणारे, म्हणजे वाढप लहान करणं किंवा पदार्थ जवळ-लांब ठेवणं. डोक्याला आवाहन करणाऱ्यांचा परिणाम सगळ्यांत कमी, मनाला आवाहन करणाऱ्यांचा त्याच्या साधारण दुप्पट, आणि हाताशी जुळलेल्यांचा तिप्पटीहून अधिक निघाला. आणखी एक गोष्ट दिसली. लोकांना अपायकारक पदार्थ कमी खायला लावणं हे पोषक पदार्थ जास्त खायला लावण्यापेक्षा सोपं जातं.

काय उपलब्ध आहे, हा प्रश्नही असाच. एमा गार्नेट आणि सहकाऱ्यांनी केंब्रिजच्या तीन महाविद्यालयांतल्या कॅन्टीनमध्ये विकल्या गेलेल्या ९४,६४४ जेवणांची नोंद तपासली. मूळ हेतू पर्यावरणाचा होता, पण निष्कर्ष आहारालाही लागू पडतो. चार पर्यायांपैकी एक शाकाहारी असायचा, तिथे दोन केले. शाकाहारी जेवणांचा वाटा ४१ ते ७९ टक्क्यांनी वाढला. कुणाला काही सांगितलं नाही, मांसाहार बंद केला नाही. एकूण विक्रीत फारसा फरक पडला नाही, आणि दुपारी शाकाहारी खाल्लं म्हणून रात्री भरपाई केल्याचंही दिसलं नाही. एरवी जे क्वचितच शाकाहारी जेवण घेत, त्यांच्यातच सर्वांत मोठा बदल झाला. उपदेश करणारे ज्यांच्यापुढे हात टेकतात, तीच ही मंडळी. त्यांना कुणी पटवलं नव्हतं, एवढंच की त्या दिवशीच्या दोन शाकाहारी पदार्थांपैकी एक त्यांना आवडला.

वाढप किती मोठं असावं, याबाबत पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठातल्या बार्बरा रोल्स यांनी अनेक वर्षं काम केलं आहे. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात ५१ जणांना मॅकरोनी आणि चीज हा पदार्थ वेगवेगळ्या दिवशी ५०० ग्रॅमपासून १००० ग्रॅमपर्यंत वाढला. सगळ्यात मोठ्या वाढपाच्या दिवशी लोकांनी सगळ्यात लहान वाढपापेक्षा ३० टक्के जास्त ऊर्जा पोटात घातली आणि तरी त्यांना जास्त पोट भरल्यासारखं वाटलं नाही. वाढप बदलतंय हे निम्म्याहून कमी लोकांच्या लक्षात आलं. याच गटाने पुढे उलट वाट धरली. नेहमीच्याच पदार्थांत भाज्यांचा लगदा मिसळला, त्यामुळे तेवढ्याच वजनात ऊर्जा कमी झाली. लोक साधारण नेहमीएवढ्याच वजनाचं जेवले, चव तितकीच आवडली आणि दिवसाकाठी ३५० च्या आसपास कॅलरी कमी झाल्या. पोट कॅलरी मोजत नाही, ते बऱ्याच अंशी आकारमान आणि वजन ओळखतं.

इथे थांबून या क्षेत्राला बसलेल्या एका मोठ्या धक्क्याबद्दल बोलायलाच हवं. कॉर्नेल विद्यापीठातले ब्रायन वान्सिंक हे अनेक वर्षं या विषयातलं सर्वांत गाजलेलं नाव होतं. २०१६ च्या अखेरीस त्यांनी स्वतःच लिहिलेल्या एका टिपणात सांगितलं की एका फसलेल्या प्रयोगाची आकडेवारी पुन्हा पुन्हा चाळून त्यातून अनेक शोधनिबंध काढण्यात आले. काही संशोधकांनी त्यातले चार निबंध तपासले, तेव्हा सुमारे १५० विसंगती सापडल्या. सफरचंदावर आवडत्या पात्राचं चित्र चिकटवलं की मुलं ते उचलतात, असं सांगणारा एक निबंध ८ ते ११ वर्षांच्या मुलांवरचा म्हणून छापला होता. मुलं प्रत्यक्षात ३ ते ५ वर्षांची होती. तो मागे घेतला गेला. सप्टेंबर २०१८ मध्ये एका मोठ्या वैद्यकीय नियतकालिक-समूहाने त्यांचे सहा निबंध एकदम मागे घेतले, आणि विद्यापीठाच्या चौकशीत आकडेवारीची चुकीची मांडणी आणि सदोष सांख्यिकी पद्धती सिद्ध झाल्या. वान्सिंक यांनी राजीनामा दिला.

मला याचा मनापासून राग येतो. कारण त्या निष्कर्षांच्या आधारावर असंख्य शाळांनी जेवणाची रांग, टेबलं आणि पाट्या बदलल्या, त्यावर पैसा आणि श्रम खर्च केले. पण चूक शोधून काढणारेही संशोधकच होते, हेही सांगितलं पाहिजे. आता प्रयोग सुरू करण्याआधीच काय मोजणार आणि कसं मोजणार हे जाहीर करण्याची पद्धत वाढली आहे. वर सांगितलेल्या स्टॅनफर्डच्या कामाची पाच ठिकाणी पुन्हा झालेली तपासणी त्याच शिस्तीतली आहे. कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठातल्या अर्थशास्त्रज्ञांनी २०२२ मध्ये दाखवलेली एक गोष्टही लक्षात ठेवण्याजोगी. वर्तन बदलण्यासाठी हलकेच वळवण्याच्या उपायांचा परिणाम छापील निबंधांत सरासरी ८.७ टक्क्यांच्या फरकाएवढा दिसतो, तर सरकारी यंत्रणांनी मोठ्या प्रमाणावर राबवलेल्या उपायांत तो १.४ एवढाच भरतो. हे फक्त आहाराबद्दलचे आकडे नाहीत, पण यशस्वी प्रयोगच जास्त छापले जातात हा रोग आहाराच्या संशोधनालाही जडलेला आहे.

मोठा बदल हवा असेल तर पदार्थच बदलावा लागतो. ब्रिटनमध्ये एप्रिल २०१८ पासून गोड पेयांवर कर आहे. सुरुवातीला १०० मिलीलीटरमध्ये ५ ग्रॅमपेक्षा कमी साखर असेल तर कर नव्हता, ५ ग्रॅमपासून ८ ग्रॅमच्या आतपर्यंत लिटरमागे १८ पेन्स होता, ८ ग्रॅम किंवा जास्त असेल तर २४ पेन्स. कराची घोषणा दोन वर्षं आधी झाली होती, त्यामुळे कंपन्यांनी मधल्या काळात साखर घटवली. केंब्रिजच्या गटाने वर्षभरानंतर हिशेब केला, तेव्हा लोक तेवढीच पेयं विकत घेत होते, पण त्यांतून घरात येणारी साखर आठवड्याला सुमारे ३० ग्रॅमने, म्हणजे साधारण १० टक्क्यांनी घटली होती. पिणाऱ्यांनी सवय बदलली नाही. बाटलीतलं पेय बदललं.

मुलांच्या बाबतीत आणखी एक घटक येतो तो म्हणजे वेळ, आणि तोही दोन अर्थांनी. पहिला सवयीचा. लीन बर्च यांनी १९८० च्या दशकापासून दाखवून दिलं की नवी चव मुलाला पहिल्या घासाला आवडत नाही, अनेकदा चाखल्यावर आवडते. दहा-पंधरा वेळाही लागू शकतात. बहुतेक पालक त्याच्या फार आधी ‘याला हे आवडतच नाही’ असं ठरवून मोकळे होतात. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमध्ये जेन वॉर्डल, ल्यूसी कूक आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये ४ ते ६ वर्षांच्या ४२२ मुलांना फारशी न आवडणारी एक भाजी १२ दिवस फक्त चाखायला दिली. काहींना चाखल्यावर स्टिकर मिळायचं, काहींना शाबासकी, काहींना काहीच नाही. तिन्ही गटांत भाजीबद्दलची आवड वाढली आणि तीन महिन्यांनंतरही टिकली. बर्च यांना मात्र आधी असं आढळलं होतं की बक्षिसाच्या आमिषाने पाजलेलं पेय मुलांना पुढे कमी आवडू लागतं. फरक बहुधा इथे आहे: मुळात न आवडणाऱ्या गोष्टीचा एक छोटा तुकडा चाखल्याबद्दल कौतुक करणं वेगळं आणि ‘ताट संपव, मग गोड देते’ असा सौदा करणं वेगळं. सौद्यात भाजी ही शिक्षा ठरते आणि गोड पदार्थाचा मान वाढतो.

दुसरा अर्थ घड्याळातल्या वेळेचा. हार्वर्डमधल्या ज्युलियाना कोहेन यांच्या गटाने मॅसेच्युसेट्समधल्या गरीब वस्तीतल्या शाळांत दोन वेगवेगळे अभ्यास केले. एकात १४ शाळांतल्या २,६३८ मुलांची ताटं तपासली. काही शाळांत व्यावसायिक आचाऱ्यांनी स्वयंपाक्यांना शिकवून पदार्थ सुधारले, काही ठिकाणी फक्त मांडणी बदलली. मांडणीने मुलं फळं-भाज्या जास्त उचलू लागली, पण खाण्यात टिकाऊ वाढ झाली नाही. चव सुधारली तिथे मात्र सात महिन्यांनंतर मुलं खरोखर जास्त फळं-भाज्या खात होती. दुसऱ्या अभ्यासात जेवायला बसल्यावर मुलांच्या हाती किती मिनिटं उरतात ते मोजलं. ज्यांना २० मिनिटांपेक्षा कमी मिळाली, त्यांनी किमान २५ मिनिटं मिळालेल्यांपेक्षा १२ टक्के कमी भाजी खाल्ली आणि मुख्य पदार्थही १३ टक्के कमी. फळ उचलणाऱ्यांचं प्रमाणही ५७ टक्क्यांवरून ४४ टक्क्यांवर आलं. घाईत फळ सोडून दिलं जातं, बहुधा ते चावून खायला वेळ लागतो म्हणून. रांगेत उभं राहण्यात गेलेली मिनिटं वेळापत्रकात जेवणाची म्हणूनच मोजली जातात. शाळेचं वेळापत्रक आखणाऱ्याने ती वेगळी काढून पाहिली, तर एकही नवा पदार्थ न आणता मुलांच्या पोटात जास्त भाजी जाऊ शकते.